दादरमधल्या जुन्या वास्तू : तारीख जुनी, भिंती नव्या

कट्टेकरी

दादरमध्ये जुनं असं काय बघायचं, हे बाहेरगावच्या माणसाने विचारलं की आपली पंचाईत होते. फोर्टात नुसतं बोट दाखवलं तरी भागतं. इथे तसं नाही. सिद्धिविनायकाची स्थापना १९ नोव्हेंबर १८०१ ची. लक्ष्मण विठू पाटील आणि देऊबाई पाटील यांनी बांधलेलं ते एक लहानसं विटांचं देऊळ होतं. आज रांगेत उभं राहून जे दिसतं ते नव्वदच्या दशकातलं, बहुमजली. पोर्तुगीज चर्च १५९६ चं, पण गोखले रोडवरून दिसणारी वास्तू आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांनी सत्तरच्या दशकात उभी केलेली. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं, पण दादरला ते नंतर आलं. तारीख एकीकडे आणि भिंत दुसरीकडे, असा आपला कारभार.

म्हणून माझं म्हणणं असं की दादर बघायचं तर इमारतीचं वय विचारूच नये. त्या जागी इतकी वर्षं काय चालू राहिलंय आणि ते कोणी चालू ठेवलं, एवढं विचारावं. या धाग्यावर ते गोळा करू या.

सुरुवात माझ्याकडून. आपलं उपनगर वसलं ते प्लेगमुळे. १८९६ साली मुंबईत साथ आली, दाटीवाटीच्या वस्त्यांत माणसं पटापट गेली, आणि १८९८ मध्ये सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. शहराच्या उत्तरेला मोकळी हवा खेळेल अशी वस्ती आखायची, म्हणून दादर-माटुंगा आणि शीव-माटुंगा या योजना निघाल्या. तोवर इकडे शेतं, माडाच्या वाड्या आणि पाणथळ जमीन. आधी रस्ते आणि प्लॉट पडले, घरं सावकाश आली. हिंदू कॉलनीतल्या गल्ल्या अजून नंबरानेच ओळखल्या जातात ते त्यामुळेच असावं. आखणाऱ्याने नंबर दिले आणि राहणाऱ्यांनी ते बदलायची तसदी घेतली नाही.

पश्चिमेला शिवाजी पार्क. १९२५ साली मैदान लोकांसाठी खुलं झालं तेव्हा नाव माहीम पार्क. शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने १९२७ मध्ये नाव बदललं, आणि त्यासाठी महापालिकेत आग्रह धरला तो अवंतिकाबाई गोखले यांनी. पार्कात रोज फेऱ्या मारणाऱ्या किती जणांना हे नाव माहीत आहे, ते कट्ट्यावर विचारून बघा. मैदान जवळपास २८ एकरांचं. तिथे आजवर काय काय झालं ते लिहायचं तर वेगळा धागा काढावा लागेल.

भर घाला. चुकत असेल तर दुरुस्त करा.

पूर्वेचा

धागा छान, पण नेहमीप्रमाणे पुलाच्या पलीकडून, म्हणजे पश्चिमेकडूनच. पूर्वेच्या वाट्याला गल्ल्यांचे नंबर तेवढे आले!

तुमच्या प्रश्नाचं उत्तर पूर्वेला एका घरात आहे. राजगृह. हिंदू कॉलनीतलं हे घर बाबासाहेबांनी तीसच्या दशकाच्या सुरुवातीला बांधलं ते मुख्यतः पुस्तकांसाठी. आधी ते परळच्या बीआयटी चाळीत राहत होते. बीआयटी म्हणजे तोच, तुमचा इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. त्या ट्रस्टने गिरणी कामगारांसाठी एका खोलीच्या चाळी बांधल्या आणि मध्यमवर्गासाठी दादर-माटुंग्याचे प्लॉट पाडले. एकाच कचेरीतून निघालेल्या या दोन तऱ्हा, आणि त्यातल्या एकीतून दुसरीत स्वतःच्या हिमतीवर आलेला हा माणूस. कुटुंब आणि ग्रंथालय एकाच घरात. रमाबाई गेल्या त्या याच घरात, २७ मे १९३५ ला. डिसेंबर १९५६ मध्ये दिल्लीहून बाबासाहेबांचं पार्थिव आणलं ते इथेच, आणि इथूनच अंत्ययात्रा दादर चौपाटीकडे निघाली.

राजगृह उभं आहे, बघता येतं. पण गोकुळदास पास्ता लेनमधलं आंबेडकर भवन आणि तिथला बुद्धभूषण छापखाना जून २०१६ मध्ये एका रात्रीत जमीनदोस्त झाला. बाबासाहेबांची वृत्तपत्रं जिथे छापली गेली ती जागा. जे चालू राहिलं ते बघायचं, ही तुमची फूटपट्टी अशा जागेला कशी लावणार? तिथलं काम केव्हाच थांबलं होतं. म्हणून ती पाडायला हरकत नव्हती, असं म्हणायचं का?

सिंगलविंडो

वाचतोय. खुर्ची घेऊन बसलोय.

पूर्वेचा

अजून एक राहिलं. दादासाहेब फाळके. आता रस्त्याला त्यांचं नाव आहे, तेव्हा तो दादर मेन रोड. तिथल्या बंगल्यात १९१२-१३ साली 'राजा हरिश्चंद्र'चं काम चाललं. चित्रीकरण, धुलाई, जोडणी, सगळं एकाच घरात. त्या काळी कच्ची फिल्म भोकं न पाडलेली यायची. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई दिवसा सगळ्या मंडळींचं जेवणखाण बघायच्या आणि रात्री अंधाऱ्या खोलीत हाताने त्या फिल्मला भोकं पाडायच्या. एक भोक इकडेतिकडे झालं की पडद्यावर चित्र उडणार. पुढे त्याच भागात रणजित स्टुडिओ आला (कंपनी १९२९ ची). चित्रपटसृष्टी म्हटलं की लोकांना अंधेरी-गोरेगाव आठवतं. दादर पूर्वेच्या त्या रस्त्यावरून जाताना मान वर करून बघणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

तिसरी_घंटा

पूर्वेचा, सरस्वतीबाईंबद्दल लिहिलंत, फार बरं केलंत.

मी नाटकवाली, तेव्हा नाटकाबद्दल लिहिते. दादरला दोन रंगभूमी होत्या आणि दोन्हींमध्ये चालत पाच-सात मिनिटांचं अंतर. एक शिवाजी मंदिर, १९६५ पासूनचं बंदिस्त नाट्यगृह. शनिवार-रविवारी तीन-तीन प्रयोग, मध्यंतरात वडा, आणि बाहेर वर्तमानपत्रातल्या जाहिरातींची कात्रणं हातात धरून 'कुठलं नाटक बघू या' यावर वाद घालणारी कुटुंबं. दुसरी छबिलदास. ती मुळात शाळा. १९७४ पासून 'आविष्कार'ने शाळेच्या सभागृहात प्रयोग सुरू केले. अरविंद आणि सुलभा देशपांडे यांची ही संस्था. पडदा नाही, विंगा नाहीत, मेकअपसाठी शाळेचाच वर्ग. फळ्यावर दुपारच्या गणिताचे आकडे तसेच आणि त्याखाली बसून नट चेहऱ्याला रंग लावतोय, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. खालच्या गल्लीतला भाजीवाल्यांचा आरडाओरडा वरपर्यंत यायचा. नटांना त्याच्या वरचढ आवाज लावावा लागायचा किंवा तो शांत होईपर्यंत थांबावं लागायचं, आणि त्या थांबण्यातून कधीकधी असा काही क्षण तयार व्हायचा की लेखकालाही सुचला नसता.

महाराष्ट्रभर 'छबिलदास चळवळ' असा शब्द रुळला. एका शाळेचं नाव एका नाट्यप्रवाहाला मिळालं आणि शाळेच्या इमारतीवर त्याची खूण शोधून सापडायची नाही. पुढे आविष्कारला ती जागा सोडावी लागली आणि मंडळी माहीमच्या महापालिका शाळेत गेली. पुन्हा शाळाच! मला विचाराल तर मराठी प्रायोगिक नाटक या शहरात शाळांच्या मेहेरबानीवर जगलं. नाट्यगृहांनी त्याला कधी उंबरा ओलांडू दिला नाही, कारण भाडं परवडायचं नाही.

भरतीओहोटी

छबिलदास म्हटलं की आमच्या पिढीला आधी गल्लीतला वडा आठवतो :)

तिसरी_घंटा

आठवू दे की. प्रयोगाआधी आम्हीही तिथेच असायचो.

भरतीओहोटी

सिनेमा थिएटरांचंही लिहा कोणीतरी. चित्रा २०१९ ला बंद झालं. कोहिनूरच्या जागी नक्षत्र मॉल. १९७१ साली मराठी चित्रपट उतरवून हिंदी लावण्यावरून राडा झाला तो याच कोहिनूरपाशी. प्लाझा मात्र १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटातूनही परत उभं राहिलं. तिथे मराठी चित्रपटाचा पहिला खेळ हाउसफुल्ल गेला की निर्मात्याचा जीव भांड्यात पडतो.

टी-स्क्वेअर

कट्टेकरी, विषय चांगला, पण तुमचा मूळ मुद्दा मला पटलेला नाही. मी आर्किटेक्ट आहे, त्यामुळे 'इमारतीचं वय विचारूच नये' वाचून थोडा जीव जळला.

पार्काभोवतीची तीन-चार मजली घरं एकदा नीट बघा. बहुतेक तीस आणि चाळीसच्या दशकांतली, म्हणजे सिमेंट काँक्रीट मुंबईत नवं होतं तेव्हाची. कोपऱ्यावरच्या इमारतीला गोलाई दिलेली. गॅलरीला जहाजाच्या कठड्यासारखे आडवे पाइप. जिन्याच्या खिडकीत उभी लांब जाळी आणि तिच्यात उगवता सूर्य. आतल्या जिन्यावर मोझेकच्या पायऱ्या, कठड्याला हात लावला की जाणवतो तो घोटीव गुळगुळीतपणा. ही आर्ट डेको शैली. २०१८ मध्ये युनेस्कोने मुंबईच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको वास्तूंना जागतिक वारसा म्हटलं, पण त्यात आलं ते ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्ह. दादर-माटुंग्याला तोच काळ, तीच शैली. फरक एवढाच की तिकडे समुद्र समोर आणि इकडे कपड्यांच्या दोऱ्या.

आखणीचंही असंच आहे. पारशी कॉलनीसाठी मंचेरजी जोशी यांनी ट्रस्टकडून १०३ प्लॉट राखून घेतले. ते स्वतः ट्रस्टमध्ये इंजिनियर. इमारतींच्या उंचीला मर्यादा, मध्ये फाइव्ह गार्डन्स, कडेला झाडं. मे महिन्यात दुपारी टिळक पुलावरून उतरून पारशी कॉलनीत शिरा, हवेतला फरक कातडीला कळतो. हे संस्थेने नाही केलं, इमारतींमधल्या अंतराने केलं. जोशींचा पुतळा तिथेच आहे. आपण सगळे त्याच्याकडे पाठ करून सॅंडविच खातो.

तुम्ही चर्चचं उदाहरण दिलंत, तेही उलट बाजूने बघता येतं. कोरियांनी जुन्याची नक्कल केली नाही. उघडी अंगणं, मध्ये छपराखालची जागा, वर निमुळती होत गेलेली छतं, वारा आरपार. रविवारी मासच्या वेळी लोक अंगणात उभे राहूनही आत असतात. संस्था जुनी आहे म्हणून ती इमारत चांगली ठरत नाही. ती बांधणाऱ्याला इथली हवा कळली होती, म्हणून चांगली आहे.

तळमजला

टी-स्क्वेअर साहेब, गोलाई आणि मोझेक मलाही आवडतं. मी अशाच एका इमारतीत जन्मलो. आता तुम्ही न पाहिलेलं सांगतो.

आमच्याकडे पागडीची घरं, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन कायमच्या भाड्याने घेतलेली. भाडं इतकं कमी की त्यात मालक जिन्यातला दिवाही बदलू शकत नाही, आणि बदलतही नाही. पावसाळ्यात गच्चीवर निळी ताडपत्री. सळया गंजून फुगल्या की छताचा गिलावा सुटतो. आधी पोपडा येतो, मग एक दिवस थाळीएवढा तुकडा खाली. तुमच्या त्या गोल गॅलरीखाली आमच्याकडे लाकडी टेकू आहेत. त्यांनाही आता वाळवी. लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना दवाखान्यात न्यायचं म्हणजे खुर्चीत बसवून चौघांनी उचलायचं, आणि चौघं तरी कुठून आणायचे? सगळ्यांची मुलं ठाण्याला नाहीतर परदेशात.

२०१२ साली वारसा यादीत शिवाजी पार्क परिसर घालायचा प्रस्ताव आला तेव्हा सगळ्यात जास्त विरोध केला तो रहिवाशांनी, आठवतंय ना? वर्तमानपत्रांत आम्हाला अडाणी ठरवलं होतं. यादीत नाव आलं की परवानग्या वाढतात, पैसा येत नाही. जतन करा म्हणणाऱ्यांपैकी एकानेही 'प्लॅस्टरसाठी हे घ्या' म्हटलेलं मला ऐकू आलं नाही.

टी-स्क्वेअर

तळमजला, तुमचं बरोबर आहे आणि माझंही. पागडी आणि भाडेनियंत्रणामुळे दुरुस्तीचा पैसाच तयार होत नाही, हे या शहरातल्या निम्म्या पडझडीचं मूळ आहे. माझा आक्षेप जुन्याच्या जागी काय येतं त्यावर आहे. खाली चार-पाच मजले नुसत्या गाड्या आणि त्यावर माणसं. रस्त्यावरच्या माणसाला खिडकी दिसत नाही आणि खिडकीतल्याला रस्ता. गॅलरीतून हाक मारून मुलाला जेवायला बोलावायची सोय गेली. त्याची नोंद एफएसआयच्या, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येतं त्या हिशोबाच्या, कुठल्या रकान्यात करायची?

तळमजला

हाक मारायला आधी मूल इथे राहायला हवं. असो.

कट्टेकरी

दोघांचंही वाचलं. टी-स्क्वेअर, अंतराचा मुद्दा मान्य. फाइव्ह गार्डन्स ही संस्था नव्हे, आणि तरी ती नसती तर पूर्वेचं दादर वेगळंच झालं असतं. पण मूळ मुद्दा मी सोडत नाही. एकच उदाहरण देतो.

पार्कातलं श्री समर्थ व्यायाम मंदिर. इमारत म्हणून कोणी तिचा फोटो काढणार नाही. पण संध्याकाळी तिथे जाऊन उभे राहा. शिसवी खांबाला एरंडेल लावलेलं असतं. एक पोरगी दोन पावलं धावत येते, खांबाला मांडीची पकड घालते, डोकं खाली, हात मोकळे. खाली तिच्याहून लहान पोरांची ओळ, आणि शिकवणारा त्याच ओळीतून मोठा झालेला. उदय देशपांडे यांनी इथून मल्लखांब परदेशात नेला, २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली ती याच मैदानावर. परदेशी मुलं शिवाजी पार्कच्या मातीत दोरीच्या मल्लखांबावर आसनं करत होती आणि आपले लोक बाहेर पार्किंग शोधत होते.

क्रिकेट शिकवणाऱ्या रमाकांत आचरेकर सरांचंही तसंच. त्यांचं स्मारक डिसेंबर २०२४ मध्ये पाच नंबरच्या गेटजवळ झालं. ते व्हायच्या कितीतरी आधी ती जागा क्रिकेटवाल्यांना पाठ होती, आणि तिथे तेव्हा होतं काय? मातीची खेळपट्टी, जाळी आणि स्टंपवर ठेवलेलं एक नाणं.

आंबेडकर भवनाच्या प्रश्नाला माझ्याकडे सरळ उत्तर नाही, पूर्वेचा. जिथे काम थांबलं तिथे निदान भिंत राखायला हवी होती, एवढंच म्हणू शकतो.

वनिता_वि

व्यायाम मंदिर आलं, तर वनिता समाजही येऊ द्या. बायकांनी बायकांसाठी चालवलेली संस्था. शिवाजी पार्कच्या निम्म्या साखरपुड्यांचा हॉल हीच आपली ओळख झालीय, पण शिवण, स्वयंपाक, विक्रीची कामं शिकून घर सावरलेल्या बायका या परिसरात किती निघतील! अमर हिंद मंडळाची वसंत व्याख्यानमालाही विसरू नका. एकीकडे कबड्डी-खोखो आणि त्याच अंगणात उन्हाळ्यात व्याख्यानं. मैदानाला सतरंजी आणि सतरंजीला वक्ता, म्हणजे झालं सभागृह.

आणि शाळा. बालमोहन १९४० ची, आंतोनियो डिसिल्व्हा १८५१ ची. डिसिल्व्हाची स्थापना झाली तेव्हा मुंबईत आगगाडीसुद्धा सुरू झालेली नव्हती.

एक_नागरिक

दादरच्या 'संस्कृती'बद्दल इतकं लिहून झालं, आता जरा टोचणारं लिहितो. राग मानू नका.

१९२६ साली दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात दलितांना पूजेचा हक्क द्या, अशी मागणी झाली. प्रबोधनकार ठाकरे, रावबहादूर सी. के. बोले ही मंडळी पुढे होती, बाबासाहेब आंबेडकर होते. मोठा वाद झाला, दलिताच्या हातून आलेली फुलं गणपतीपुढे गेली, आणि पुढे तो उत्सवच बंद पडला. त्याच वर्षी प्रबोधनकारांनी दादरला शिवभवानीचा नवरात्रोत्सव सुरू केला, सगळ्यांना खुला. आज गल्लोगल्ली नवरात्र दिसतं, पण दादरमध्ये ते कुठल्या भांडणातून आलं ते मंडपात कोणी सांगत नाही. हे बोले तेच, ज्यांच्या १९२३ च्या ठरावामुळे सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करायचा निर्णय विधिमंडळात झाला. महाडच्या सत्याग्रहाची कायदेशीर पायरी ती. त्यांच्या नावाचा रस्ता सिद्धिविनायकाच्या बाजूने पोर्तुगीज चर्चकडे येतो. रोज हजारो भाविक त्यावरून जातात.

दुसरं, चैत्यभूमी. ७ डिसेंबर १९५६ ला जिथे अंत्यसंस्कार झाले तिथे ५ डिसेंबर १९७१ ला स्तूपाचं उद्घाटन झालं, बाबासाहेबांच्या सूनबाई मीराताई आंबेडकरांच्या हस्ते. लोकांच्या पैशातून झालेलं काम. दरवर्षी ६ डिसेंबरला देशभरातून लाखो माणसं येतात, आणि दादर पश्चिमेची काही घरं त्या आठवड्यात कुलूप लावून गावाला जातात. धुळीची, गर्दीची तक्रार करतात. मी मात्र त्या दिवशी पार्कात पुस्तकं घ्यायला जातो. मैदानावर ओळीने पुस्तकांचे स्टॉल. डोक्यावर गाठोडं, पायात स्लिपर, रात्रभर गाडीत उभी राहून आलेली बाई दहा रुपयांची पुस्तिका घेते, किंमत पुन्हा विचारून घेते, पदराच्या गाठीतून पैसे काढते आणि मुलाच्या हातात देते. सोबतचे कोणी राज्यघटनेची प्रत घेतात. या मैदानात वर्षभरात जे जे होतं त्यात ग्रंथविक्रीचा सगळ्यात मोठा दिवस हाच. दादरला सुसंस्कृत म्हणायचं असेल तर तो दिवस धरून म्हणा.

पूर्वेचा

+१००. रस्ता बोल्यांचा, हे मला आज कळलं.

वनिता_वि

माझे सासरे ६ डिसेंबरला इमारतीच्या दारात पाण्याचा पिंप भरून ठेवायचे. आमच्या इमारतीत अजून ठेवतात. सगळेच कुलूप लावून जात नाहीत, एवढं नोंदवते. पण जाणारे आहेत, हेही खरं.

सिंगलविंडो

कबूतरखाना कोणीच काढला नाही अजून? :)

भरतीओहोटी

अरे बाबा नको!

टी-स्क्वेअर

काढायलाच हवा, वारसा यादीतली वास्तू आहे ती. १९३३ ची, वलमजी रतनशी व्होरा यांच्या स्मरणार्थ. चौकाच्या मधोमध, बाजूला जैन मंदिर. म्हणजे इथे बांधकामही जुनं आणि त्यातला उद्योगही जुना. कट्टेकरींच्या दोन्ही अटी पूर्ण. आणि नेमका तोच उद्योग श्वसनाच्या आजारांमुळे थांबवायची वेळ आली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पालिकेने वर ताडपत्री घातली, आंदोलकांनी ती फाडली, पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. माझं मत विचाराल तर वास्तू ठेवा, दाणे बंद करा. मुळात ते कारंजं म्हणूनच शोभेल.

तळमजला

तिथून शंभर पावलांवर राहणाऱ्यांच्या खिडक्यांची जाळी बघा आणि मग जैन-अजैन वाद घाला. आम्हाला विष्ठेचा धर्म कळत नाही.

संपादक मंडळ

कबूतरखान्यावर स्वतंत्र धागा आहे, कृपया तिथे लिहावे. येथील यापुढील अवांतर प्रतिसाद उडवले जातील.

एक_नागरिक

एक शेवटचं, अवांतर नाही. समुद्राकाठचा महापौर बंगला १९२८ चा. साठच्या दशकापासून मुंबईचा महापौर तिथे राहायचा. आता तिथे बाळासाहेब ठाकरे स्मारक आहे आणि महापौरांचं बिऱ्हाड भायखळ्याला, राणीच्या बागेत. १९६६ च्या दसऱ्याच्या काळात शिवसेनेचा पहिला मेळावा झाला ते मैदान तिथून हाकेच्या अंतरावर. त्याच पट्ट्यात सावरकर सदन, १९३८ चं, आणि मैदानाला लागून सावरकर स्मारक. थोडं पुढे चैत्यभूमी. एकमेकांशी आयुष्यात न पटलेल्या विचारांची स्मारकं अर्ध्या तासाच्या फेरीत बसतात. टी-स्क्वेअर, अंतराबद्दल तुम्ही म्हणत होतात ना!

कट्टेकरी

तर मग फेरी करू या का? बरेच जण वैयक्तिक निरोपात विचारतायत. रविवारी सकाळी साडेसहा. उशीर केला तर फुलबाजाराच्या गर्दीतून पाय काढणं कठीण.

क्रम मी असा धरलाय : खोदादाद सर्कल, पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी आणि राजगृह, फाळके रोड, ग्रंथसंग्रहालय, मग टिळक पुलावरून पलीकडे. पश्चिमेला प्लाझा, शिवाजी मंदिर, छबिलदास गल्ली (इथे वीस मिनिटं, कारण सगळ्यांना माहीत आहे), पोर्तुगीज चर्च, बोले रोड, आणि तिथून समुद्राच्या बाजूने चैत्यभूमी करत पार्कात. चालायला जमत नसेल त्यांनी थेट व्यायाम मंदिराशी यावं. तळमजला, तुमच्या इमारतीचा जिना बाहेरून दाखवलात तरी चालेल. टेकूंसकट.

तळमजला

या की. चहा देतो. एका वेळी सहापेक्षा जास्त माणसं जिन्यावर नकोत, एवढंच.

सिंगलविंडो

मी विरारहून येणार. दादरला उतरून पूर्वेला कसं यायचं? मधल्या पुलावर मी दरवेळी हरवतो.

पूर्वेचा

डिसेंबर २०२३ पासून फलाटांचे नंबर सलग झालेत. पश्चिम रेल्वे १ ते ७, मध्य रेल्वे ८ ते १४. आकडे वाढत जातील त्या दिशेने चालत राहा, संपले की पूर्व. तिथून खोदादाद सर्कल कोणालाही विचारा. मी उड्डाणपुलाखाली उभा असेन, आणि फेरी पूर्वेपासून सुरू होतेय याची नोंद सर्वांनी घ्यावी.